नळी कधी काढणार?

पोस्ट लांब आहे. घरात साठीच्या पुढचं कुणी असेल तर शेवटपर्यंत वाचा. नसेल तर सेव्ह करून ठेवा, दवाखान्याची वेळ कुणाला सांगून येत नाही.

विषय ऐकून काही जण नाक मुरडतील. लघवीची नळी. म्हणजे कॅथेटर. भरणे नाक्यावरची कोंडी, कशेडीचा बोगदा, जगबुडीची पातळी यावर लिहिलं की आपल्याकडे कमेंटचा पाऊस पडतो. लघवीवर कोण बोलणार? चारचौघांत बोलायचा विषयच नाही तो. पण माझं म्हणणं असं आहे की या लाजेमुळेच ती नळी गरज संपल्यावरही चार-चार, आठ-आठ दिवस माणसाच्या अंगात राहते आणि त्यातून जो ताप येतो त्याचं बिल आपण निमूटपणे भरतो.

तुम्ही सगळ्यांनी हे बघितलंय. पेशंट ॲडमिट होतो. सिस्टर पडदा ओढतात, नळी टाकतात, पिशवी कॉटच्या दांड्याला अडकवतात. घरच्यांना हायसं वाटतं. रात्री उठवायला नको, चादर ओली व्हायला नको, पॉट द्यायला नको. मग पेशंट बरा व्हायला लागतो. सलाईन सुटतं, ऑक्सिजन निघतो, पेज-भात सुरू होतो. नळी मात्र तिथेच. डॉक्टर राउंडला येतात, छाती तपासतात, पाय बघतात, फाईलवर लिहितात आणि पुढच्या कॉटकडे जातात. पिशवी चादरीखाली.

ही नुसती आपल्याकडची गंमत आहे असं समजू नका. अमेरिकेत डॉ. संजय सेंट नावाचे एक डॉक्टर आहेत, मिशिगन विद्यापीठात. त्यांनी २००० साली एक साधा प्रश्न विचारणारा अभ्यास प्रसिद्ध केला. डॉक्टरांना विचारलं, तुमच्या या पेशंटला कॅथेटर आहे का? मग प्रत्यक्ष कॉटवर जाऊन बघितलं. ज्यांना नळी होती त्यांच्यापैकी २८ टक्के वेळा डॉक्टरांना ते माहीतच नव्हतं. सर्वात वरिष्ठ डॉक्टरांच्या बाबतीत तर प्रमाण आणखी जास्त, ३८ टक्के. आणि ज्या नळ्यांचा डॉक्टरांना विसर पडला होता, त्यातल्या बऱ्याचशा मुळात गरजेच्याच नव्हत्या. अमेरिकेतल्या मोठ्या, शिकवणाऱ्या रुग्णालयांची ही कथा. एका डॉक्टरमागे पेशंटची रांग असलेल्या आपल्या दवाखान्यांत काय असेल, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

आता ही नळी काय करते ते थोडं समजून घेऊ. मी काही डॉक्टर नाही, पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला माणूस आहे. पण यातलं बरंचसं कळायला डॉक्टर असायची गरज नाही. फोलीज कॅथेटर म्हणतात ती नळी डॉ. फ्रेडरिक फोली या अमेरिकन युरॉलॉजिस्टच्या नावाची, १९३०च्या दशकातली. नळीच्या आतल्या टोकाला एक छोटा फुगा असतो. नळी मूत्राशयात गेली की फुग्यात निर्जंतुक पाणी भरतात, म्हणजे नळी बाहेर निसटत नाही. साधी, हुशार युक्ती. लघवी पूर्ण अडलेल्या माणसाला ही नळी म्हणजे देवच. प्रोस्टेट वाढलेल्या म्हाताऱ्या माणसाची लघवी रात्री दोन वाजता अडते तेव्हा त्याच्या वेदना ज्यांनी बघितल्यात, ते नळीला कधी नावं ठेवणार नाहीत. मीही ठेवत नाही.

पण शरीराची एक स्वतःची व्यवस्था आहे. मूत्राशय भरतं, रिकामं होतं, आणि रिकामं होताना वाटेतले जंतू धुऊन बाहेर टाकतं. नळी घातली की ही धुलाई बंद पडते. लघवी थेंब थेंब नळीतून जाते आणि बाहेरच्या जगातून आत यायला एक कायमचा पूल तयार होतो. जंतू दोन वाटांनी चढतात. एक नळीच्या बाहेरून, कातडीच्या कडेने. आपल्याच आतड्यातले, शौचाच्या जागेजवळचे जंतू असतात हे. दुसरी वाट आतून. पिशवीचा नळ जमिनीला टेकला, पिशवी रिकामी करताना हात धुतलेले नव्हते, किंवा कुणी नळी आणि पिशवीचा जोड मधेच उघडला, की जंतू पिशवीतून वर चढतात. मग ते नळीच्या आतून-बाहेरून बुळबुळीत थर धरतात. पावसाळ्यात आपल्या अंगणातल्या जांभ्यावर शेवाळ धरतं ना, तसंच. त्या थराखाली बसलेल्या जंतूंपर्यंत औषध नीट पोचत नाही. म्हणून इंजेक्शनं चालू असतात आणि ताप पुन्हा येतो.

पूर्वी नळीचं बाहेरचं टोक उघड्या बाटलीत सोडत. तेव्हा तीन-चार दिवसांत जवळजवळ प्रत्येक पेशंटच्या लघवीत जंतू सापडायचे. १९६०च्या दशकात बंद पिशवीची पद्धत रुळली आणि हे प्रमाण खूप खाली आलं. तुमच्या पेशंटच्या कॉटला लटकणाऱ्या त्या प्लास्टिकच्या पिशवीमागे एवढा इतिहास आहे. जोड बंद राहण्यातच तिचा सगळा फायदा आहे. तो उघडला की आपण पुन्हा बाटलीच्या जमान्यात गेलो.

बंद पिशवी असली तरी धोका संपत नाही. नळी असलेल्या माणसाच्या लघवीत जंतू शिरण्याची शक्यता रोज साधारण ३ ते ७ टक्क्यांनी वाढत जाते. महिनाभर नळी राहिली की जवळजवळ सगळ्यांच्याच लघवीत जंतू असतात. म्हणजे यातला मुख्य आकडा दिवसांचा आहे. नळी कुठल्या कंपनीची, किती महाग, कुठल्या हॉस्पिटलात टाकली, हे सगळं नंतर. किती दिवस राहिली, हे आधी.

माझ्या आत्याची गोष्ट सांगतो. वय ७८, मोरीत पाय घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, उत्तम झालं. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, कारण माझी तक्रार एका हॉस्पिटलविषयी नाही. ऑपरेशनला नळी टाकली होती, ती टाकायलाच हवी होती. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून तिला उभी केली. चौथ्या दिवशी ती बाथरूमच्या दारापर्यंत चालत गेली, हातात पिशवी धरून! म्हणजे बाथरूमपर्यंत चालत जाऊ शकणाऱ्या बाईला लघवीसाठी नळी. माझ्या आतेभावाने सिस्टरना विचारलं. "डॉक्टरांनी लिहून दिलं नाही, मी कशी काढू?" डॉक्टरांना विचारायचं तर राउंड झालेला. दुसऱ्या दिवशी राउंडला दुसरे डॉक्टर, ते म्हणाले सरांना विचारतो. सर रविवारी नसतात. असं करत करत नवव्या दिवशी थंडी वाजून ताप आला. पाठीत कळ, बोलणं असंबद्ध. घरात नसलेल्या माणसांशी बोलायला लागली. सगळ्यांना वाटलं डोक्यावर परिणाम झाला. डोक्याचं काही नव्हतं, लघवीतलं इन्फेक्शन रक्तात उतरत होतं. पुढे आठ दिवस वाढले, भारीतली इंजेक्शनं, आणि चालणं जे थांबलं ते परत पहिल्यासारखं झालं नाही. खुब्याचा एक्स-रे मात्र आजही बघण्यासारखा आहे.

या सगळ्यात वाईट माणूस कोण? कुणीच नाही. सिस्टर नियमाने वागल्या, ज्युनिअर डॉक्टर नियमाने वागले. नळी काढायची जबाबदारी नेमकी कुणाची हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, एवढंच.

ऑपरेशनसाठी टाकलेली नळी, दुसरं कारण नसेल तर, शक्यतो २४ तासांत काढावी असं अमेरिकेच्या सीडीसीची २००९ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही जानेवारी २०२० मध्ये रुग्णालयातला संसर्ग रोखण्याची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं काढली. पुढच्या दोन-तीन महिन्यांत कोविड आला आणि ती पुस्तिका किती जणांनी उघडून बघितली असेल देव जाणे. सांगायचा मुद्दा, ज्ञान नवीन नाही. लघवी अडली असेल, पेशंट अत्यवस्थ असून तासातासाची लघवी मोजायची असेल, काही विशिष्ट ऑपरेशनं असतील, माकडहाडाजवळ उघडी जखम असून ती लघवीने भिजत असेल, मणका किंवा कटिभागाच्या दुखापतीमुळे हलवताच येत नसेल, किंवा शेवटच्या दिवसांत माणसाला आराम द्यायचा असेल, तर नळी हवी. पेशंटला अंथरुणात लघवी होते आणि चादर बदलायला माणूस नाही, हे कारण या यादीत कुठेच बसत नाही. पुरुषांसाठी बाहेरून लावायची कंडोम कॅथेटर मिळते, पॉट आहे, डायपर आहे. दिवसातून ठराविक वेळा नळी घालून लगेच काढून घ्यायची पद्धतही आहे. कटकट आहे, मान्य. पण तापापेक्षा कमी कटकट.

आता चादर बदलायला माणूस नाही, हे मात्र खोटं कारण नाही. इथे मला नुसतं डॉक्टर-नर्सना झोडपणारी पोस्ट लिहायची नाहीये. रात्रपाळीला एका सिस्टरच्या वाट्याला किती कॉट येतात ते एकदा मोजून बघा. वॉर्डातल्या मावशी एक, त्याच डिलिव्हरीला, त्याच ड्रेसिंगला. अशा वेळी दहा म्हाताऱ्या माणसांना दर तीन तासांनी पॉट कोण देणार? नळी ही मनुष्यबळाच्या तुटवड्यावर लावलेली ठिगळ आहे. त्या ठिगळाची किंमत पेशंट मोजतो. भरती निघत नाही, निघाली तर कंत्राटी, कंत्राटी माणूस टिकत नाही. आरोग्य खात्यातल्या रिक्त जागांवर विधानसभेत दर अधिवेशनात प्रश्न येतात. त्या रिक्त जागांचा आणि तुमच्या आईच्या नळीचा थेट संबंध आहे, हे आपल्या डोक्यात येत नाही.

आणि शुश्रूषा म्हणजे काय असते हे महाराष्ट्राला माहीत नाही असंही नाही. केईएममध्ये अरुणा शानबाग १९७३ पासून २०१५ पर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. तिथल्या परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, पण त्यांना बेडसोअर होऊ दिले नाहीत. ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयापुढच्या सुनावणीतही आली. मशीन नव्हे, औषध नव्हे, वेळच्या वेळी कूस बदलणारे हात. संसर्ग टाळण्याचं कामही याच जातीचं आहे. ते दिसत नाही, त्याचा फोटो निघत नाही, उद्घाटनाला फीत कापता येत नाही.

अमेरिकेने दंडाचा मार्ग करून बघितला. ऑक्टोबर २००८ पासून त्यांच्या मेडिकेअर या सरकारी योजनेने सांगितलं, रुग्णालयात असताना नळीमुळे इन्फेक्शन झालं तर त्याचे जादा पैसे देणार नाही. आपल्याकडेही असं करा, महात्मा फुले योजनेत टाका, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. चार वर्षांनी, २०१२ मध्ये, जवळजवळ चारशे अमेरिकन रुग्णालयांचा अभ्यास छापून आला, त्यात या दंडाचा इन्फेक्शनच्या प्रमाणावर मोजण्यासारखा परिणाम दिसला नाही. आपल्याकडे तर दंड लावला की पहिली गोष्ट काय होईल? इन्फेक्शनची नोंद होणंच बंद होईल. कागद स्वच्छ, पेशंट तापलेला.

काम कशाने झालं? त्याच डॉ. सेंट यांच्या गटाने मोठा कार्यक्रम घेतला, ६०० हून जास्त रुग्णालयांत. निकाल २०१६ साली प्रसिद्ध झाले. त्यात जादू काही नव्हती. रोज विचारायचं, ही नळी आज लागणार आहे का? टाकताना हात आणि जागा नीट निर्जंतुक. कुणाला किती दिवस नळी आहे याची मोजदाद, आणि त्यावर वॉर्डातल्या सगळ्यांनी मिळून बोलायचं. आयसीयू सोडून बाकीच्या वॉर्डांत इन्फेक्शन साधारण ३२ टक्क्यांनी कमी झालं. गंमत म्हणजे आयसीयूत फारसा फरक पडला नाही, कारण तिथे प्रत्येकाला लघवी मोजायलाच हवी असं सगळ्यांना वाटत राहिलं. म्हणजे सवय मोडणं किती कठीण ते बघा. पण जनरल वॉर्डात एक तृतीयांश इन्फेक्शन नुसतं रोज विचारल्याने आणि मोजल्याने कमी होतं. यासाठी परदेशी मशीन लागत नाही, एक फळा आणि खडू लागतो.

आता दुसऱ्या बाजूकडे येतो, जी आपल्यासारख्या छोट्या गावांत जास्त घडते. नळी असलेल्या पेशंटची लघवी तपासली जाते. रिपोर्टवर पस सेल्स. झालं, इंजेक्शन सुरू. लॅबवाला, मेडिकलवाला, नातेवाईक, सगळे खूश, काहीतरी सापडलं म्हणून. वर सांगितलंच आहे की नळी काही दिवस राहिली की लघवीत जंतू आणि पस सेल्स सापडणारच. ताप नाही, थंडी नाही, पोटात किंवा पाठीत दुखत नाही, माणूस शुद्धीवर नीट बोलतोय, तर नुसत्या रिपोर्टवर अँटिबायोटिक द्यायची सहसा गरज नसते. अपवाद असतात, जसं की गरोदर बाई किंवा मूत्रमार्गाचं ऑपरेशन होणार असेल तर, आणि ते डॉक्टर ठरवतील. लघवी गढूळ दिसली, वास आला, एवढ्यावरूनही इन्फेक्शन ठरत नाही. नळी आहे म्हणून "कव्हर" म्हणून रोज गोळी चालू ठेवणं तर आणखी वाईट. त्याने इन्फेक्शन टळत नाही, फक्त जो जंतू उरतो तो जास्त दांडगा असतो.

दांडगा म्हणजे किती, त्याची एक गोष्ट आपल्या देशाच्या नावाने जगभर झाली. भारतीय वंशाचा एक स्वीडिश माणूस दिल्लीत रुग्णालयात राहून परत गेला. २००८च्या जानेवारीत तिकडे त्याच्या लघवीत एक जंतू सापडला, जो कार्बापेनेम या राखून ठेवलेल्या औषधांनाही दाद देईना. त्या गुणधर्माला शास्त्रज्ञांनी नाव दिलं एनडीएम-१, त्यातलं एनडी म्हणजे न्यू दिल्ली. २०१० मध्ये त्यावरून आपल्या संसदेपर्यंत आरडाओरडा झाला, देशाची बदनामी, मेडिकल टुरिझमविरुद्ध कट वगैरे. पण त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी स्वतःच्या रुग्णालयातले आकडे आपल्याच देशातल्या वैद्यकीय मासिकात छापले होते. २००९च्या ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये औषधाला दाद न देणारे या जातीचे २४ जंतू मिळाले, त्यातल्या २२ मध्ये एनडीएम-१. मला त्या डॉक्टरांचं कौतुक वाटतं. आपल्या घरातली घाण आपणच मोजून छापायला धैर्य लागतं. पत्रकार म्हणून सांगतो, बातमी लपवणाऱ्यांपेक्षा आकडा देणाऱ्या संस्थेवर मी जास्त विश्वास ठेवतो.

तेव्हा इन्फेक्शनची शंका असेल तर लघवीचं कल्चर, म्हणजे कुठला जंतू आणि त्याला कुठलं औषध लागू पडतं ही तपासणी, अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी घेतलेली बरी. नमुना पिशवीतून घ्यायचा नसतो, पिशवीतल्या लघवीत जंतू वाढलेलेच असतात. नळीच्या नमुन्यासाठीच्या जागेतून सुईने घेतात. नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल तर ती बदलून नव्या नळीतून नमुना घ्यायला सांगतात. हे नातेवाइकांनी स्वतः करायचं नाही. पण "सिस्टर, नमुना पिशवीतून नाही ना घेतला?" एवढं विचारायला हरकत नाही.

मधेच एक विषयांतर. कधी कधी बरेच दिवस नळी असलेल्या पेशंटची पिशवी जांभळी होते. चक्क जांभळी, कोकमाच्या आगळासारखी गडद. विशेषतः बद्धकोष्ठ असलेल्या म्हाताऱ्या बायकांच्या बाबतीत. आपल्याकडे असं झालं की अर्ध्या तासात वाडीत देवस्कीची चर्चा सुरू होईल आणि कुणीतरी गुरवाला विचारून येईल. त्यात देवस्की काही नाही. लघवीतल्या एका द्रव्यावर जंतू काम करतात, त्यातून निळा आणि लाल रंग तयार होतो आणि तो प्लास्टिकला धरतो. बहुतेक वेळा घाबरण्यासारखं नसतं. डॉक्टरांना दाखवा, नळी-पिशवी बदलतील, पोट साफ होण्याचं औषध देतील. नारळ देवाला द्यायचा तो द्या, माझी ना नाही, पण आधी दवाखान्यात जा.

आता आपल्या तालुक्याचा खरा प्रश्न, नळीसकट घरी सोडलेले पेशंट. मुंबईत, पनवेलला किंवा डेरवणला ऑपरेशन होतं आणि पेशंट नळी घेऊन गावी येतो. मुलगा चाकरमानी, तो चार दिवसांची रजा काढून सोडायला येतो आणि परत जातो. घरी म्हातारी बायको, नाहीतर सून. तिला दवाखान्यातून कुणी पाच मिनिटंही शिकवलेलं नसतं. डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत एक ओळ.

प्रवासातच सुरुवात होते बघा. पेशंटला गाडीत बसवतात आणि पिशवी कुठे ठेवायची? मांडीवर. लोकांना दिसू नये म्हणून वर टॉवेल. म्हणजे पिशवी मूत्राशयापेक्षा वर. कामोठ्यापासून खेडपर्यंतच्या हायवेवर पिशवीतली लघवी मागे आत जात राहते. पिशवी नेहमी कमरेच्या खाली हवी, नळीला पीळ किंवा घडी नको, आणि पिशवी जमिनीला टेकलेली नको. गाडीत बसताना पोटरीजवळ अडकवा, निघण्याआधी रिकामी करा. नळी मांडीला चिकटपट्टीने नीट धरलेली हवी, नाहीतर प्रत्येक हालचालीला आत ओढ बसते आणि जखम होते. पिशवी पूर्ण भरायची वाट बघू नका, दोन तृतीयांश झाली की रिकामी करा. आधी हात साबणाने धुवा, नंतर पुन्हा धुवा. ज्या भांड्यात काढता ते त्याच पेशंटचं वेगळं ठेवा आणि पिशवीचा नळ भांड्याला टेकवू नका. नळीभोवतीची जागा रोजच्या आंघोळीत साबण-पाण्याने धुतली की पुरे. डेटॉल, स्पिरिट, तेल, हळद यातलं काही लावायची गरज नाही. जोड उघडून आत पाणी मारायचं नाही. आणि हे फार महत्त्वाचं, नळी कितीही सलली तरी घरी ओढून काढायची नाही. आत फुगा आहे, तो रिकामा न करता ओढली तर मूत्रमार्ग फाटतो. गोंधळलेला म्हातारा माणूस रात्री ओढू शकतो, म्हणून लक्ष ठेवा. थंडी वाजून ताप, ओटीपोटात किंवा कुशीत दुखणं, लघवीत रक्त, पिशवीत लघवी येणंच बंद होणं, किंवा माणूस अचानक भ्रमिष्टासारखा बोलायला लागणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा.

हात धुवा म्हणणं सोपं आहे, हे मला कळतं. एप्रिल-मे मध्ये आपल्याच तालुक्यातल्या धनगरवाड्यांवर टँकरने पाणी जातं. हंडाभर पाण्यात प्यायचं, रांधायचं, गुरांचं भागवायचं, त्यात दिवसातून सहा वेळा साबणाने हात धुवायचे. साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात ही अवस्था, त्यावर वेगळी पोस्ट लिहीन. तोपर्यंत निदान सॅनिटायझरची बाटली डिस्चार्जच्या औषधांत लिहून द्यायला काय हरकत आहे? आणि आशाताईंना अशा घरांची यादी द्या. गरोदर बाईची नोंद जशी ठेवतात तशी नळीवाल्या पेशंटची ठेवा, नळी कधी टाकली, कधी बदलायची किंवा काढायची ती तारीख. ही तारीख कुणाकडेच नसल्यामुळे "डॉक्टरांनी परत बोलावलं होतं पण गणपती आले" म्हणून राहून गेलेल्या नळ्या या तालुक्यात आहेत.

कुणी म्हणेल, डॉक्टरांना असं विचारलं तर ते चिडतील. काही चिडतील. पण राज्याच्या नर्सिंग होम नोंदणी नियमांत जानेवारी २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि रुग्णांच्या हक्कांची सनद दर्शनी भागात लावणं खाजगी रुग्णालयांना बंधनकारक झालं. आपल्या उपचारांची माहिती मागणं हा त्यातला हक्क आहे. भांडायला जाऊ नका. वरच्या पट्टीत बोललात तर उत्तर मिळणार नाही, सिक्युरिटी मिळेल. राउंडच्या वेळी शांतपणे विचारा, "डॉक्टर, आईची नळी आज लागणार आहे का? कधी काढणार?" चांगले डॉक्टर यावर रागावत नाहीत. आपल्या गावातल्या दोघा-तिघांशी मी बोललो, त्यातले एक म्हणाले, "विचारा हो, उलट आमच्या लक्षात येतं."

सरकारी दवाखान्यांचं म्हणाल, तर २०१५ पासून केंद्राची कायाकल्प योजना आहे. स्वच्छतेबरोबर संसर्ग नियंत्रणालाही त्यात गुण असतात. तपासणीच्या आठवड्यात फरशी चकाचक होते, कुंड्या येतात, भिंतीवर हात धुण्याचं चित्र लागतं. चित्र लागू दे, पण त्याच भिंतीवर एक फळा लागला तर मला जास्त आनंद होईल. आज वॉर्डात नळी असलेले पेशंट किती, त्यातल्या तीन दिवसांपेक्षा जुन्या किती, आज काढल्या किती. तीन ओळी. रात्रपाळीच्या सिस्टरने रोज बारा वाजता भराव्यात, आणि ठरलेल्या निकषांत बसत असेल तर डॉक्टरांच्या नव्या सहीची वाट न बघता नळी काढायचा अधिकार लेखी स्वरूपात त्यांना असावा. रुग्ण कल्याण समितीत बसणाऱ्या आपल्या लोकप्रतिनिधींनी हा विषय एकदा अजेंड्यावर घ्यावा. रंगकामाच्या कोटेशनपेक्षा याला कमी वेळ लागेल आणि पैसा तर लागतच नाही.

मी या आठवड्यात कळंबणीच्या उपजिल्हा रुग्णालयाकडे आणि रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयाकडे माहिती अधिकाराचे अर्ज टाकतोय. त्यात चारच गोष्टी मागितल्यात. गेल्या वर्षभरात किती पेशंटना कॅथेटर लावल्याची नोंद आहे, ते काढल्याची तारीख नोंदवली जाते का, संसर्ग नियंत्रण समितीच्या बैठका कधी झाल्या त्याची इतिवृत्तं, आणि मंजूर व भरलेल्या परिचारिका पदांची संख्या. हे आरोप नाहीत, प्रश्न आहेत. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. जे येईल ते जसंच्या तसं इथे टाकतो.

कुणाला असा अनुभव आला असेल तर इनबॉक्समध्ये लिहा. पेशंटचं, डॉक्टरचं, हॉस्पिटलचं नाव नको. नळी कधी टाकली आणि कधी काढली, एवढ्या दोन तारखा द्या.